बाळंतिणीनं रडू नये

आई, बाळंतिणीला द्यायचं लेहियम या वेळी मीच ढवळलं. सुंठ, ओवा, गूळ, वरून तिळाचं तेल आणि तूप, सगळं तुझ्या हातचं आठवून. पण बाळंतिणीच्या खोलीतला तुझा न रडण्याचा नियम मी मोडला, आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही.

माझं बाळंतपण तू किती निगुतीनं केलंस! सकाळी तेल लावून न्हाऊ घालायचीस, केसांना सांब्राणीची धुरी, मग लेहियमची गोळी थेट तोंडात. मी भिंतीकडे तोंड करून पडलेली. पाळण्यात मुलगी रडते आहे आणि मला वाटतंय, कोणाची असेल त्यानं येऊन घेऊन जावी. तू दारात उभी राहतेस. "कां गे, अस्कं, अगदी पाणीसुद्धां हातांत आणून देत्यें, तरी तोंड असं? बाळंतिणीनं रडूं नये, दूध आटतं." झालं. त्या दिवसापासून मी पदर तोंडात कोंबून रडायला शिकले. दूध कमी आलं की वाटायचं, रडले म्हणूनच. तिच्या आधीचं बाळ पोटातच गेलं होतं. त्याचं नावही तू काढू दिलं नाहीस. हीसुद्धा जाईल या धास्तीनं मी तिला उचलायलाच भ्यायचे. आणि बाहेर आलेल्या बायकांना तू सांगायचीस, पोर सुखात आहे. तुझ्या एवढ्या कष्टांपुढे दुःखी असणं म्हणजे कृतघ्नपणाच की!

आता तीच मुलगी राजवाड्यामागच्या आपल्या घरात बाळंतीण आहे. परवा नातवाकडे न बघताच म्हणाली, "अम्मा, बारशाला अस्की येतील, घर भरेल, हसावं लागेल. मला जमणार नाही. ह्याला बघून मला काहीच वाटत नाही." मी बारसं रद्द केलं. मावशी फोनवर कडाडली, "तुझ्या आईनं असं चालूं दिलं नसतं." म्हटलं, "नव्हतंच दिलं. म्हणूनच." बाळाला मांडीवर घेतलं आणि लेकीला म्हटलं, रड हवं तेवढं, दूध आटलं तर डब्याचं आणू. मग मनाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. काल ऑटोनं जाऊन आलो. तिथं ती पहिल्यांदा मोठ्यानं रडली आणि मी तिला गप्प केलं नाही.

हे तुला पोचायचं नाही, म्हणूनच इतकं धीटपणे लिहिलं. खरं सांगू? डॉक्टरांना फोन करताना मी तुझ्या तसबिरीसमोरून उठून मागच्या अंगणात गेले आणि हळू आवाजात बोलले. पन्नाशी उलटली, तरी तुला भिते. फोन मात्र केला.