आक्का, सुटली

माझ्या आक्काला,

तू असताना तुला कधी दोन ओळी धाडल्या न्हाईत. शाळा चौथीत सुटली अन् मग एका जागी पायच टिकला न्हाई. आता सुरतेत कापड रंगवतो. परवा कारखान्यात मायचा फोन आला. गुडघ्यासाठी तिनं तुझीच ती बारकी पांढरी गोळी सुरू केलीय. "चार महिने झाले, कशी दणदण चालून राहिले बघ!" म्हणाली. माझ्या तोंडात आलंच होतं, "माय, तुला माझी शपथ..." जीभ चावली, फोनच ठेवून दिला.

तुलाही मीच शपथ घातली होती ना?

वाताची ती गोळी तू दोन वर्षं खाल्लीस. आधी सकाळी बोटं मिटत नव्हती तुझी. गोळीनं तू आपल्या साखरा गावच्या सगळ्या बायांच्या पुढं कापूस वेचायला लागलीस. तोंड गोल झालं. बाया म्हणायच्या, "माहेरचं पाणी बराबर मानवलं गं!" मी तर भोपळाच म्हणायचो. तू हसायचीस अन् हातावरचे काळेनिळे डाग पदराखाली घ्यायचीस. ते डाग कशाचे, काहून विचारलं न्हाई मी?

दिवाळीला आलो तो कुठूनतरी ऐकून आलो होतो, ही गोळी वाईट. अर्धंच ऐकलं होतं! सगळ्या गोळ्या चुलीत टाकल्या, तुझा हात माझ्या डोक्यावर ठेवला. "पुन्हा खाल्लीस तर माझी शपथ."

मी सुरतेला परतलो अन् आठ दिवसांत आपल्या गावाजवळच्या गोरेगावच्या फोनबूथवरून माय बोलली. "तिला ताप हाय, उलट्या हायेत, उठवत न्हाई. म्हणती, त्याला सुटली म्हणायला सांग."

एवढाच शब्द, आक्का! लहानपणी खेळताना दिवसातून दहा वेळा शपथ घालायचो अन् सुटली म्हणून सोडवायचो. अन् त्या दिवशी मी काय म्हणालो? "चटक लागली तिला. न्हाई म्हणणार."

दुसऱ्या दिवशी हिंगोलीला नेताना तू जीपमधीच गेलीस.

काल इथल्या मराठी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी कागदावर दोन मूत्रपिंडं काढली, दोन्हींवर टोपीसारखी एकेक ग्रंथी. "ही कोलेस्टेरॉलपासून, म्हणजे एका जातीच्या चरबीपासून, रस बनवते. तो रक्तातून अंगभर फिरतो, पेशीच्या आत शिरतो अन् तिला काम सांगतो. सूज आवर, साखर पुरव. रक्तदाबही तोच सांभाळतो. तापात तर जास्तच लागतो." तुझी गोळी त्याच रसाची नक्कल होती म्हणे. गोल तोंड अन् ते काळेनिळे डागही तिच्यामुळंच. बाहेरून आयतं मिळालं की मेंदू हुकूम द्यायचं थांबतो, ग्रंथी झोपून जाते. "गोळी एकदम तोडली तर ती लगेच जागी होत नाही रे. डॉक्टरच्या नजरेखाली हळूहळू कमी करायची असते."

म्हणजे चटक नव्हती. तुझं अंग मागत होतं. एवढी तकलीफ, तरी माझ्या डोक्यावर हात ठेवला म्हणून तू गोळीला शिवली न्हाईस! मोडायची ना शपथ, येडे! मला काय झालं असतं?

आज मायला सांगितलं, "गोळी मनानं बंद करू नको. मी येऊन राहिलो." ती म्हणाली, "मला वाटलं, तू शपथ घालशील."

न्हाई घालणार. कुणालाच, कधीच. मायला हिंगोलीच्या मोठ्या दवाखान्यात नेतो. गोळी कमी व्हायला महिने लागले तरी तिच्याजवळून हलणार न्हाई. हे भटके पाय एवढ्यासाठी तरी बसवीन घरात.

अन् तुझं जे राहून गेलं, ते आज मोठ्यानं म्हणतो. आक्का, सुटली.

उशिरा बोललेला,
तुझा बाळ्या