कोणीही न पडल्याची बक्षिसी

बफेलो, फेब्रुवारीअखेर

आदरणीय सिस्टर फ्लोरियन (माझ्यापुरती मावसबहीण रेजिना),

तुझे गुडघे आणि तुमच्या मठाचा बॉयलर, दोन्ही चालू असतील अशी आशा आहे. मी ठणठणीत आहे, पण ग्रेगला ते पटत नाही. "आई, एकदा जरी पडलीस तरी तुला इथल्या वृद्धाश्रमात आणणार," असं चिरंजिवांनी थँक्सगिव्हिंगला टर्की कापता कापता बजावलंय. इथल्या म्हणजे ॲरिझोनातल्या. तिथे दुपारीच रात्रीचं जेवण वाढतात आणि खुर्चीत बसून नाच शिकवतात. मी माझं घर सोडणार नाही.

आता आमच्या इमारतीचा पराक्रम ऐक. कमिटीचे अध्यक्ष नॉर्बर्ट क्लाइन (निवृत्त विमा अधिकारी, लिफ्टमध्येही सभा चालवतात) यांना साक्षात्कार झाला की, बर्फ काढणाऱ्याला नुसते पैसे दिले तर तो नुसता बर्फच काढतो. म्हणून करारात नवं कलम आलं: ज्या महिन्यात आवारात कोणी घसरून पडल्याची नोंद नाही, त्या महिन्यात ठरल्या रकमेवर कामगिरीची बक्षिसी.

कंत्राटदार कर्ट हॉलोवेने डिसेंबरभर इमानाने फावडं मारलं, बर्फ वितळायला मीठ टाकलं. जानेवारीत त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, की बक्षिसी बर्फ काढण्याची नाहीच, न पडण्याची आहे; आणि माणसं चाललीच नाहीत तर पडतील कशी? त्याने पुढच्या पायऱ्यांना साखळी घातली, वर पाटी लावली: 'आपल्या सुरक्षेसाठी बंद'. मग बाजूची वाट बंद केली. आता आम्ही सगळे सभ्य नागरिक मागच्या दाराने, कचऱ्याच्या डब्यांमधून वाट काढत ये-जा करतो. रविवारी चर्चमध्ये मिस्साला माझ्या शेजारी कोणी बसत नाही.

मी कर्टला गाठलं. "बर्फ कधी काढणार?"

"काढायचा कशाला, आजी? एप्रिलमध्ये आपोआप जातो." (आजी म्हणे. याचे स्वतःचे केस पांढरे.)

"मग तुमचं काम काय?"

"तुम्हाला जपणं."

नॉर्बर्टकडे गेले, तर ते म्हणाले, "लॉरेटा, आकडा बघा. शून्य अपघात."

"दफनभूमीतही कोणी घसरत नाही. त्यांनाही पाठवा बक्षिसी," मी म्हटलं. त्यांनी ते टिपून घेतलं, बहुधा पुढच्या सभेसाठी.

सोमवारी सभा झाली. ही बक्षिसी द्यायची का आणि कलम पुढच्या हिवाळ्यालाही ठेवायचं का, असा विषय होता. मी नॉर्बर्टची सालटी काढणार म्हणून लोक घरून कॉफी घेऊन आले होते. आणि ठराव चक्क एकमताने मंजूर झाला. शिकल्यासवरल्या माणसांना कणा म्हणून राहिलेला नाही, रेजिना. नन्सच्या हातच्या पट्ट्या यांनी खाल्लेल्या नाहीत, दुसरं काय.

तुझी,
लॉरेटा

ता. क. एकमतात माझंही मत आलं. झालं असं, की शुक्रवारी चर्चच्या फिश फ्रायला, तळलेल्या माशांच्या जेवणाला जाताना मी मागच्या दाराला कंटाळून साखळी ओलांडली आणि पायऱ्यांवरून थेट खाली आले. कर्ट धावत आला. उचलता उचलता हळूच विचारतो, "आजी, पडलात की बसलात?" माझ्या डोळ्यांपुढे ॲरिझोना उभं राहिलं. "बसले," मी म्हटलं. तेव्हापासून तो रोज सूप आणून देतो.

ता. क. २. घोटा प्लास्टरमध्ये आहे (सभेत कर्टने आधीच नेऊन बसवलं, वर शाल पांघरली). मदर सुपीरियरची परवानगी काढून महिनाभर ये. ग्रेगचा फोन तू घे आणि आई प्रार्थनेत आहे म्हण. त्या वेळेपुरती मी खरंच करीन. स्टेशनवर कर्ट घ्यायला येईल. मार्च संपेपर्यंत मला नॉर्बर्टसमोर लंगडू द्यायचं नाही, ही त्याची एवढीच अट आहे.