देवानंदमामाचं बुडणं

तीर्थरूप आईले बंगळुरूहून डिंपलचा नमस्कार.

तुझा नातू योगराज पोटभर जेवून राहिला. या आठवड्यात फिट आली नाही. बाबाचा खोकला कसा आहे?

योगराजचा रिपोर्ट आला. मेंदूच्या पेशींत निरोप नेणारं प्रोटीन ज्या एससीएन-वन-ए जीनपासून बनते, त्यातच बिघाड आहे. डॉक्टर म्हणाले, "हा बिघाड तुमच्याकडून आला. माहेरी कुणाला फिट यायची का?" मी नाही म्हटलं.

पण आई, देवानंदमामा पट्टीचा पोहणारा होता. मग नवेगावच्या बांधात, गुडघाभर पाण्यात तो बुडाला कसा? मी विचारलं की तू उठून काऊन जाते?

तुले दोष देऊन नाही राहिली. पण मी लहानपणी बेशुद्ध पडली, तेव्हा मले खरंच ऊन लागलं होतं का?

तुझीच,
डिंपल