चढावरचा अबोला

प्रिय ओदिलियाताई,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी मुद्दामच हवापाण्याचं बोलत राहिले. बारांकियात किती उकडतंय, रामिरोभावजींचा बर्फाचा कारखाना कसा चाललाय, धाकट्या नातीला दात आले का. बोलायचं होतं ते घशातच राहिलं. फोनवर तू मध्येच हसतेस आणि माझा धीर सुटतो. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येत नाही, म्हणून हे पत्र. बसून वाच. मासे तळता तळता वाचू नकोस, मागच्या वेळी अर्धं पत्र तेलात गेलं म्हणून पुन्हा लिहायला लावलं होतंस.

डॉक्टरीणबाईंनी माझी साखर वाढलीय म्हणून दम दिला, हे तुला ठाऊक आहे. चालायला सांगितलं, तर गुडघे कुरकुरायला लागले. मग माझा पोरगा फाबियान चिलीला जाताना दुकानाच्या मागे टाकून गेलेली ती सायकल बाहेर काढली. इतके दिवस मी तिच्यावर ओल्या लोकरीच्या लडी वाळत घालत होते. तूलियो न्हाव्याने तिचे ब्रेक बसवून दिले आणि म्हणाला, चल वर माउलीच्या पुतळ्यापर्यंत. अगं, ज्या चढावर बटाट्याचे ट्रक कण्हतात तिथे मी, साठीला आलेली बाई! पहिल्या दिवशी मी अर्ध्या वाटेवरून परत आले आणि दुपारपर्यंत दुकानात लोकरीच्या ढिगावर झोपून राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. का ते विचारू नकोस. मलाच माहीत नाही.

तर या चढाचे स्वतःचे रीतिरिवाज आहेत, आणि तूलियो म्हणजे त्या रीतिरिवाजांचा पाद्रीबाबाच. उतरणाऱ्याने आधी बोलायचं, कारण चढणाऱ्याच्या छातीचा भाता झालेला असतो. चढणाऱ्याने हँडलवरचं एक बोट उचललं तरी पुरतं. कुणाला मागे टाकायचं तर मुकाट्याने टाकायचं नाही, दोन चांगले शब्द बोलायचे, नाहीतर तो बिचारा दिवसभर मनात कुढत बसतो. ‘आता थोडंच राहिलं’ हे खरोखर थोडं राहिलं असेल तरच म्हणायचं. औषधांच्या दुकानातला बेनिग्नो हे एकदा पायथ्याशीच म्हणाला, तेव्हापासून त्याच्याकडचं खोकल्याचं औषधसुद्धा लोक भरवशाने घेत नाहीत. कुणी पडलेलं दिसलं तर थांबायचंच. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे चढावर वैर चालत नाही. खाली गावात एकमेकांची डोकी फोडा, पण इथे समोर आलेल्याला ओळख द्यायची म्हणजे द्यायची. तूलियोचा आणि त्याच्या मेव्हण्याचा भिंतीवरून कोर्टात दावा चालू आहे. दोघं रोज सकाळी एकमेकांना हात करतात आणि मग आपापल्या वकिलाकडे जातात.

मी म्हटलं, एवढंच ना, जिभेला काही माझ्या हाड नाही. आणि तिसऱ्याच दिवशी निलगिरीच्या झाडांच्या वळणावरून सायकलवर एलिसेओ चापारो खाली आला.

आता हे नाव वाचून तू पत्र खाली ठेवलं असशील. उचल. तुला लग्नाच्या पांढऱ्या झग्यात चर्चच्या दारात उभी ठेवून जो माणूस सायकलच्या शर्यतीत दुसऱ्या गड्याला पाण्याच्या बाटल्या पोचवायला गेला, तोच तो. दुपारच्या आत येतो म्हणाला होता आणि घाटात दरड कोसळली म्हणून दिवे लागल्यावर आला, चिखलाने माखलेला. बाबांनी सगळ्यांसमोर टोपी जमिनीवर आपटून सांगितलं होतं की या घरातलं कुणीही यापुढे त्याला ओळख देणार नाही. तू बारांकियाला गेलीस, तुला भावजी मिळाले, पोरंबाळं झाली. आई-बाबा गेले. किल्ला लढवायला मागे उरले मी एकटी. आणि ताई, मी तो लढवला. बाजारात तो समोर दिसला की मी रस्ता ओलांडला. त्याची बायको गेली तेव्हा मी शवपेटीवर फुलं ठेवली, तिच्या आईच्या गळ्यात पडून रडले, आणि मध्ये उभ्या असलेल्या त्याला खांबासारखा वळसा घालून पुढे गेले. दर नाताळात तू इथे आलीस की तुला हे सगळं रंगवून सांगायचे. तू मान डोलवायचीस, शाब्बास म्हणायचीस. त्या शाब्बासकीचं पुढे येईलच.

तो उतरत होता, म्हणजे आधी बोलणं त्याच्याकडे आलं, आणि तो बोलला. “काय एदेल्मिराबाई, बरंय ना?” इतकंच. माझं बोट आपोआप वर जायला निघालं, ते मी अंगठ्याखाली दाबून धरलं आणि सायकल नागमोडी गेली. मग हे रोजचंच झालं. तो यायच्या वेळी मी बाटली तोंडाला लावायचे, बाटलीत पाणी असो नसो. कधी खोकायचे. कधी पलीकडच्या कुरणातल्या गाईकडे अशी टक लावून बघायचे की जणू ती माझ्या नात्यातली आहे. घरातून लवकर निघून पाहिलं, उशिरा निघून पाहिलं. चढ एकच, रस्ता एकच, जाणार कुठे? तोही चिकाटीचा. एक दिवस चुकला नाही, एक दिवस आवाज चढला नाही.

पण लोकांच्या नजरेतून सुटतं होय? सगळीकडे बोलणं सुरू झालं की लोकरवाली बाई भलतीच शिष्ट आहे. दूध पोचवणाऱ्या पोरीसुद्धा माझ्याशी तुटक वागायला लागल्या. शेवटी तूलियोने मला वर पुतळ्यापाशी गरम गुळपाण्याचा पेला हातात देत सगळ्यांदेखत सांगितलं की असंच चाललं तर रविवारी सगळे मिळून चढतात त्या घोळक्यात मला जागा नाही. ताई, मला रडू फुटलं. अगं, नवरा गेल्यावर, फाबियान गेल्यावर, सकाळी मला नावाने हाक मारणारी तेवढीच माणसं उरलीत. त्यांना सोडू की बाबांचा शब्द मोडू? रात्रभर तळमळले. बाबांच्या फोटोला विचारलं. तो नेहमीसारखाच टोपी घालून गप्प.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गाईकडे बघायला गेले आणि सरळ चरात पडले. सायकल माझ्या अंगावर, मी चिखलात, आणि वर ती गाय माझ्याकडे टक लावून बघतेय. वाटेवर दुसरं चिटपाखरू नाही. ब्रेक करकरले आणि तो थांबला. थांबणारच, रीतच आहे. त्याने मला बखोटीला धरून वर काढलं, चेन बसवली, वाकडं झालेलं हँडल पायात धरून सरळ केलं. मी एक शब्द बोलले नाही. आभार तरी कसे मानणार? खिशात पेरूच्या वडीचा तुकडा होता, तो मी त्याच्या सीटवर ठेवला. त्याला नाही दिला हं, सीटवर ठेवला. त्याने तो खाल्ला, बोटं पुसली आणि म्हणाला,

“एदेल्मिरा, तुझी बहीण दर डिसेंबरात मला हात करते. माझ्याबरोबर स्टँडवर कॉफी पिते. मग तुझंच काय अडलंय?”

मला वाटलं पडताना माझ्या डोक्याला मार लागला. पण मग तो तुझ्या नातवंडांची नावं सांगायला लागला, मोठ्यापासून धाकटीपर्यंत, ओळीने. भावजींच्या हर्नियाचं ऑपरेशन त्याला माहीत, मला नाही! म्हणे तू त्याला कधीच माफ केलंस. म्हणे तू हसून म्हणालीस की त्या दिवशी दरड कोसळली ते बरंच झालं, नाहीतर जन्मभर या थंडीत लोकरी मोजे घालून झोपावं लागलं असतं. वा ग वा. आणि त्याच संध्याकाळी माझ्या टेबलाशी बसून, मी त्याला कसं टाळलं ते ऐकत, तू माझ्या हातची कोंबडी खात होतीस. आठवडाभर माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. तुला फोन करून चांगली खरडपट्टी काढणार होते. मग मनात आलं, तुला वाटलं असेल की एकट्या बाईला तेवढाच एक उद्योग आहे, तो कशाला काढून घ्या. आणि मग मला राग यायच्याऐवजी हसूच आलं, दुकानात गिऱ्हाईक समोर असताना. म्हातारी मला वेडी समजून लोकर न घेताच गेली.

पुढल्या सकाळी मी बोट उचललं नाही. अख्खा हात उचलला आणि ओरडून विचारलं, “बरंय ना, एलिसेओ?” तो इतका दचकला की चरात जायची पाळी आता त्याची होती. मागून येणाऱ्या तूलियोने टाळ्या वाजवल्या, दोन्ही हात सोडून, या वयात. त्यानंतर काय झालं ते मला नीटसं सांगता येत नाही. तो पहाटेच वर जाऊन आलेला असतो, तरी मला बघून सायकल वळवतो आणि माझ्याबरोबर पुन्हा चढतो. जरासा मागे राहतो, म्हणजे मला घाई वाटू नये. त्या दिवशीच्या शर्यतीचं विचारलं तर सांगितलं की ज्याच्यासाठी बाटल्या नेल्या तो शेवटून चौथा आला होता. मी जांभळी जर्सी शिवून घेतली. आणि हो, ओठांना रंग लावून चढ चढणारी बाई तू पाहिली नसशील, तर डिसेंबरात पाहशील. साखर उतरलीय. डॉक्टरीणबाई विचारतात, खाण्यात काय बदल केलात? काय सांगू त्यांना, कपाळ?

तर हे लिहायचं कारण. नाताळाआधीच्या शनिवारी मी आणि एलिसेओ लग्न करतोय, त्याच चर्चमध्ये, कारण गावात दुसरं नाही. मी तुझी परवानगी मागत नाही. हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले, तेव्हा ते नीट वाच. पण तू आली नाहीस तर मी त्या दारातून आत पाऊल टाकणार नाही, हेही तितकंच खरं. माझ्या बाजूने उभं राहायला तुझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही, आणि मला तू हवी आहेस. आम्ही दोघं स्टँडवर घ्यायला येऊ. त्याला ओळख दे, जरूर दे. पण एक सांगून ठेवते ताई, जेवढ्यास तेवढी. बसच्या खिडकीतून हात करायचा नाही, गळ्यात पडायचं नाही, आणि यापुढे त्याच्याबरोबर कॉफी प्यायची असेल तर मी मध्ये बसणार.

वाट बघणारी, जराशी जळणारी, पण तुझीच,
एदेल्मिरा