दहा वर्षांच्या आत

९ फेब्रुवारी, सोमवार

हरलेल्या देशाची बाजू आली! चिठ्ठी मीच उचलली, तेव्हा दोष कोणाला देणार. मूट कोर्ट, म्हणजे देश खोटे, खटला खोटा, पण स्पर्धा खरी — २६ तारखेला, पालघरला, आमच्याच लॉ कॉलेजात. दोन देशांचं समुद्राच्या हद्दीवरून भांडण. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने नऊ वर्षांपूर्वी निकाल दिला, माझा देश हरला. आता एक जुना नकाशा सापडलाय, आणि मी त्याच कोर्टाला सांगायचं की स्वतःचा निकाल पुन्हा तपासा. त्यावर अपील नाही. वर कोणी बसलेलंच नाही! ज्याने निकाल दिला त्यालाच जाऊन म्हणायचं, तुम्ही चुकलात.

सरावाला न्यायाधीश हवा. नवऱ्याची, विपुलची, कारखान्यात दुसरी पाळी. उरल्या सासूबाई. बोंबील साफ करता करता म्हणाल्या, बोल, कान मोकळे हायत.

१० फेब्रुवारी

न्यायमूर्ती माझ्या युक्तिवादात झोपल्या. उठून म्हणाल्या, फार लांबवतेस.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

विपुल जेवताना चिडवत होता — त्या कोर्टाचं मोठे देश ऐकतात तरी का? मला राग आला. दोन्ही देशांनी मान्य केलं तरच ते कोर्ट खटला ऐकतं. एवढं बोलले आणि स्वतःलाच वाटलं, हे कसलं कोर्ट!

सासूबाईंना मात्र त्यात काहीच नवल वाटलं नाही. चाळीस वर्षं त्या बोईसरच्या बाजारात मासे विकतात, आणि मासेवाल्यांच्या रांगेतली भांडणं त्यांच्यापुढेच येतात. ठकीबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, सांगितलं की संपलं. रीत अशी, की भांडणाऱ्या दोघींनी आपापली विळी त्यांच्यापुढे आणून ठेवायची. निकाल होईपर्यंत विळी नाही, म्हणजे धंदा नाही. एकीनेच ठेवली तर त्या ऐकून घेत नाहीत.

मी विचारलं, पण निकाल पाळला नाही तर? तुमच्याकडे ना पोलीस, ना तुरुंग.

"उद्या त्याच रांगेत बसायचं आसतं ना, दीपे," त्या म्हणाल्या. "म्हनून पाळतात."

दोन पुस्तकं वाचून मला हे कळलं नव्हतं. उठून त्यांचा गालगुच्चा घेतला. माझ्या हाताला बोंबलाचा वास येतो म्हणून ओरडल्या — आयुष्यभर मासे विकणाऱ्या त्या!

१६ फेब्रुवारी, सोमवार

आज काहीतरी झालं.

निकाल पुन्हा उघडायच्या अटी त्यांना समजावत होते. नवीन गोष्ट उजेडात यायला हवी, निकालाच्या वेळी ती कोर्टालाही माहीत नसावी आणि मागणाऱ्यालाही. आणि मुदत दहा वर्षं. त्यानंतर कितीही खरं सापडलं तरी दार बंद.

"दहाच?" म्हणाल्या. मग बोटांवर काहीतरी मोजलं. अर्धे बोंबील तसेच टाकून आत गेल्या. जेवल्या नाहीत.

मला कळलं. पुष्पलतामावशी! २०१६ च्या शिमग्याच्या आठवड्यात सातपाटीच्या एका बाईंची पापलेटची टोपली बाजारातून नाहीशी झाली आणि सापडली पुष्पलतामावशींच्या फळीखाली. मावशी शपथा घेत राहिल्या. सासूबाईंनी निकाल दिला — पहिल्या रांगेतून उठायचं आणि शेवटी, गटारापाशी बसायचं. दोघी लहानपणच्या मैत्रिणी, एकाच गल्लीतल्या, इथल्याच नवापूरच्या. तेव्हापासून बोलत नाहीत.

आणि मला जे माहीत आहे ते सासूबाईंना माहीत नाही. लग्नानंतर विपुलने सांगितलं होतं — तो तेव्हा बेकार होता, आईबरोबर टेम्पोतून टोपल्या उतरवायला जायचा. अंधारात ती टोपली चुकून त्यानेच मावशींच्या फळीखाली सरकवली. बोंब झाली तेव्हा घाबरला आणि गप्प बसला. अजून गप्पच आहे.

या शिमग्याला दहा वर्षं पुरी होतात.

१७ फेब्रुवारी

विपुलला म्हटलं, तू सांग, नाहीतर मी सांगते. उशी घेऊन बाहेरच्या खोलीत गेला.

२२ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं त्याने! दुपारी, आईच्या पायाशी बसून. बत्तीस वर्षांचा माणूस, नाक पुसत होता. मला इतका आवडला त्या क्षणी. मला वाटलं — झालं, नवीन गोष्ट उजेडात आली, मुदतीत आली, आता मावशींची जागा परत मिळणार. मनातल्या मनात खटला जिंकून मोकळी झाले.

सासूबाई त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ह्ये नवं नाय, दीपे. निकाल देताना हा मागं उबा व्हता. याचं तोंड बगितलं, तवाच समजलं. चोर म्हनले आसते याला."

 मग विपुलच्या डोक्यावरचा हात काढला आणि म्हणाल्या, "तिनं इळी ठेवली व्हती माज्यापुढं. भरवशानं."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला पण. आणि त्याच वेळी त्यांना कुशीत घ्यावंसंही वाटलं. दोन्ही खरं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

दुसरा नंबर. परीक्षकांनी शेवटी विचारलं, समजा नकाशा कोर्टाला तेव्हाच माहीत होता, मग?  मी म्हणाले, मग या कलमाखाली निकाल उघडता येत नाही, महोदय. कायद्यात त्याला दार नाही. पण अशा कोर्टापुढे कोणता देश पुन्हा भरवशाने येईल?

परीक्षकांनी मान हलवली. मार्क कापले की दिले, कळलं नाही. घरी येऊन हे सासूबाईंना शब्दन् शब्द सांगितलं. सांगायला नको होतं बहुतेक. त्या रात्रीच्या भाकरी थापत राहिल्या.

१ मार्च, रविवार

सकाळी विपुल आणि मी त्यांच्याबरोबर बाजारात गेलो. पहिल्या रांगेत त्या बसल्याच नाहीत. सरळ गटारापाशी गेल्या, पिशवीतून स्वतःची विळी काढली आणि पुष्पलतामावशींपुढे ठेवली. सगळ्या रांगेसमोर सांगितलं — टोपली माज्या पोरानं ठेवली, मला ठाऊक व्हतं, आता तू निकाल दे. विपुल माझा हात धरून उभा होता. 

मावशींनी विळी उचलली. धार बघितली. आपल्या विळीशेजारी ठेवली.

"तू दहा वरसं घेतलीस," म्हणाल्या, "मी बी घेनार. तवर बस हितं, माज्या बाजूला."