बर्फ नको, ऊब

४ नोव्हेंबर
आज दवाखान्यात गर्भपिशवीत बीज सोडायचं होतं, ती आययूआय झाली नाही. चूक माझीच, आणि ती मी अगदी नीट, तयारीनिशी केली.

मागच्या दोन वेळा वीर्याचा नमुना दवाखान्यातच दिला होता. दुसऱ्या वेळी दारावर टकटक, बाहेर रांग, आत मी घामाघूम. म्हणून सिस्टर म्हणाल्या, पुढच्या वेळी घरून आणा, तासाभरात पोचलं पाहिजे. वेळेचं ऐकलं, बाकी स्वतःच्या डोक्याने केलं. आमच्या चाकणच्या कंपनीत काच चिकटवायच्या गमाचा नमुना लॅबला बर्फातच जातो, नाहीतर खराब होतो. तसाच निळा डबा आणला. खाली बर्फ, वर बर्फ, मध्ये डबी. तळवड्याहून पिंपळे सौदागरला वेळेच्या आधी हजर.

सिस्टरनी झाकण उघडलं. "दादा, मासे आणलेत का?"

सगळे गारठलेले. एकही हलेना. दुसरा नमुना द्या म्हणाल्या. ते काही जमलं नाही. बायको, संगीता, आत टेबलावर झोपून वाट बघत होती. उठून आली. परत येताना डबा तिच्या मांडीवर. बर्फ वितळून ड्रेस ओला.

५ नोव्हेंबर
सं. सकाळी पोळ्या लाटताना एकदम हसायला लागली. थांबेचना. "कुल्फी केलीत हो तुम्ही आपल्या पोराची." मग रडली. मग पुन्हा हसली. तव्यावरची पोळी करपली, ती मी खाल्ली.

१८ नोव्हेंबर
पाळी आली.

डॉक्टरबाई म्हणाल्या, आणखी एकदा करून बघू, नाही जमलं तर टेस्ट ट्यूबचं बोलू. बाहेर आल्यावर सं. म्हणाली, "माझ्याच्यानं एवढं एकदाच होईल. पुढचं नाही." मी वाद घातला नाही. रिपोर्ट माझा खराब, सुया तिला.

म्हणजे ही शेवटची.

जिन्यात घरमालक तात्या भेटले. नेहमीचंच. "काय रं, पेढं कवा?" देऊ की, म्हणून वर आलो. त्यांचा हेतू वाईट नसतो. पण रोज?

३० नोव्हेंबर
सोनोग्राफी. अंडं चांगलं वाढलंय, इंजेक्शन आज, बाकीचं परवा सकाळी.

सिस्टरना विचारलं, गरम पाण्याची रबरी पिशवी घेऊ का. त्या हात जोडून म्हणाल्या, "दादा, गोठवलंत, आता उकडू नका. डबी बनियनच्या आत, अंगाला लावून धरायची. बाकी काही करायचं नाही."

बाकी काही करायचं नाही, हेच मला अवघड जातं.

निळा डबा सं. ने माळ्यावर टाकला. वर पोतं ठेवलं.

२ डिसेंबर
आज सगळं लिहून ठेवतो.

घरीच जमलं, शांतपणे. डबी बनियनच्या आत, वरून स्वेटर. सं. गाडीवर मागे, तिचे दोन्ही हात माझ्या पोटावर, डबीवर. निघालो आणि गल्लीच्या तोंडालाच अडकलो. कंटेनर वळताना आडवा पडल्यासारखा रुतलेला, मागे कंपन्यांच्या बसेस. मोटरसायकलसुद्धा निघेना. तात्या तिथेच उभे, ड्रायव्हरला शिव्या देत.

"कुठं रं एवढ्या सकाळी?"
"दवाखान्यात."
"आजारी हाय का पोरगी?"

मागून सं. स्पष्ट म्हणाली, "तात्या, ह्यांच्या बनियनमध्ये आमचं लेकरू आहे. ते गार व्हायच्या आत सौदागरला पोचायचंय."

तात्यांनी एकदा माझ्या पोटाकडे बघितलं. पेढ्यांचं काही बोलले नाहीत. स्कूटरला किक मारली. "माझ्या मागं या."

गल्लीमागे त्यांच्या भावकीची जमीन, आता बिल्डरकडे आहे. वाटेवर साखळी, कुलूप. वॉचमन म्हणाला, साहेबांना फोन करावा लागेल. तात्यांनी कमरेची किल्ली काढली. "साहेबाला सांग, ह्यो रस्ता माझ्या बापाचा हाय. आन् पोरगं चाललंय, आडवू नगं." वॉचमनने इकडे तिकडे बघितलं, पोरगं कुठे ते त्याला दिसेना. साखळी पडली. ढेकळांतून गाडी उडत होती. सं. चे हात काही सुटले नाहीत. थेट चिखलीच्या अंगाला निघालो.

सिस्टरनी डबी हातात घेतली, मग मनगटाला लावली.

"ऊब आहे."

नंतर लॅबमधून बाहेर येऊन म्हणाल्या, "छान पळतायत, दादा."

दुपारपर्यंत झालं. सं. म्हणाली, दुखलं नाही फार. येताना गाडी इतकी हळू चालवली की एक आजोबा सायकलवरून पुढे गेले.

९ डिसेंबर
सं. ला बादली उचलू देत नाही. ती म्हणते, डॉक्टरांनी कामं बंद सांगितली नाहीत, तुम्ही कोण? बरोबर आहे. तरी बादली मीच उचलली.

तात्या जिन्यात भेटले. "बरं हाय ना?" एवढंच. पेढ्यांचं विचारायचं बंद केलंय. ते जास्त जड वाटतं.

१७ डिसेंबर
दोन रेघा.

पट्टी मी खिडकीत नेऊन बघितली, मग गॅलरीत नेऊन बघितली. सं. म्हणाली, "उन्हात काय वेगळं दिसणार आहे?" मग स्वतः घेऊन गॅलरीत गेली.

रक्ताच्या रिपोर्टमध्येही तेच. डॉक्टरबाई हसल्या. पहिल्यांदाच.

आम्ही जिंकलो. आज तरी जिंकलो.

तीन महिने कोणाला सांगायचं नाही, गावाकडेसुद्धा नाही, असं सं. चं ठरलंय. मी शिफ्टला गेलो. कॅन्टीनमध्ये जिलबी होती, दोनदा घेतली. शेजारचा म्हणाला, "भावा, लॉटरी लागली काय?" मी म्हणालो, भूक लागली. दिवसभर गाल दुखत होते.

१ जानेवारी
सं. ला सकाळपासून उलट्या. फार बरं वाटलं. तिला तसं म्हणालो तर चप्पल दाखवली.

संध्याकाळी तात्या वर आले. पाणी पण घेतलं नाही, दारातच उभे. हातात साखळीच्या कुलपाची किल्ली.

"दुसरी करून घेतली. ही तुझ्याकडं ऱ्हाऊ दे."
"तात्या, अजून काही…"
"मी काय इचारलं का? चौक रोजच तुंबतो. लागंल तवा जायाचं, अपरात्री सुदिक. मला उठवायचं न्हाई." आणि खाली गेले.

सं. म्हणाली, परत द्या, आत्तापासून असलं घरात नको. थोड्या वेळाने म्हणाली, राहू दे.

दारामागच्या खिळ्याला लावली. वरून माझा स्वेटर टांगला, दिसू नये म्हणून.

उद्या सोनोग्राफी. हृदयाचे ठोके दिसतात का बघायचे.