मागचे अंगण ताईच्या नावे

मी, ज्याला उभी गल्ली ‘पंपवाले’ म्हणून ओळखते, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पाण्याचे पंप दुरुस्त करणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहून ठेवीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांची चौकशी करीत नाही. कान असे शाबूत आहेत की बंद दाराआडची मोटारसुद्धा मला तिचे दुखणे सांगते. माझी सर्व मिळकत स्वकष्टार्जित आहे. वडिलांकडून फक्त नाक मिळाले, आणि ते मुलाकडे केव्हाच गेले.

१. दुकान, अवजारे, गिऱ्हाइके आणि त्यांच्या तक्रारी मुलाला. त्याचा हात माझ्यापेक्षा सफाईदार आहे. फक्त मोटार ऐकून घेण्याआधीच तो ती खोलतो. ही खोड सोडावी.

२. घराचा पुढचा भाग, माडी व जिन्यासह, मुलगा आणि सूनबाई या दोघांच्या नावे. बँकेत जे उरेल तेही दोघांचे.

३. मागची खोली, मागचे दार आणि कुंपणापर्यंतचे सगळे अंगण माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईला, संपूर्ण मालकीने. हयातीपुरते नव्हे. तिने ते विकावे, कोणाला द्यावे, नाहीतर त्यात नुसते बसून राहावे. कोणाची हरकत चालणार नाही.

कारणे लिहू नका, असे वकील म्हणाले. लिहितो.

भाऊजी गेल्यावर ताई इथे आली तेव्हा मागे अंगण नव्हतेच, माझ्या दुकानाचे भंगार होते. तिने आधी एक खुरपे मागितले, मग एक फुटकी बादली, मग मला. मी दोन गंजके पंप बाजूला सरकवले आणि तेवढ्या जागेत तिने वाटाणे पेरले. आज तिथे गुलाब आहेत, सूर्यफुले आहेत, आणि पाखरांसाठी पाण्याची थाळी आहे, जी स्वतःच्या चहाआधी भरली जाते. थंडी सरली तरी ती सुकलेल्या काड्या उपटत नाही. “त्यांची घरं बांधून होऊ देत, मग मी माझं झाडून घेईन,” म्हणते.

पहिल्याच वसंतात अंगणात काहीतरी करकरू लागले, कोरड्या हातपंपासारखे, दोन सुरांत. मी तेलाची बुधली घेऊन फाटकाच्या बिजागऱ्या, कपड्यांच्या दोरीची कप्पी, ढकलगाडीचे चाक, सगळ्यांना तेल पाजले. आवाज तसाच. वाटाण्याच्या वेलांना काठ्या बांधता बांधता ताई म्हणाली, “आता झाडावर चढ. एक बिजागरी तिकडे राहिलीय.” फांदीवर काळ्या टोपीचा, पांढऱ्या गालांचा मुठीएवढा पक्षी! माझ्या कानाला चकवणारा तेवढा एकच निघाला.

गेल्या वसंतात याच जातीच्या जोडीने एका जुन्या पंपाच्या पोटात घरटे केले. मुलाला तिथे गाडीसाठी फरशी घालायची होती. त्याने भंगारवाला बोलावला. ताई पंपापुढे उभी राहिली. “आत पिल्लं आहेत. उडाली की ने.” भंगारवाला बिचारा चपला हातात घेऊन चवड्यांवर मागे गेला. मुलगा मात्र भडकला. म्हणाला, “आत्या, हे घर तुझं आहे का?”

ताईने थाळी भरली, आत गेली आणि पेटीत कपडे भरू लागली. मी विचारले, “निघालीस कुठे?”

“पिल्लं उडेपर्यंत आहे रे. मग बघू.”

मुलाने तिची माफी मागितली, मनापासून मागितली. ती राहिली. पण पलंगाखालची पेटी अजून भरलेलीच आहे. केर काढताना ती सरकवते तेव्हा मला ऐकू येते. रिकामी पेटी वाजते, भरलेली घासते. ती रिकामी व्हावी म्हणून हे कलम.

४. शेजारच्या मास्तरांनी ताईची वेल ऐन बहरात छाटली, का, तर भिंतीपलीकडे डोकावली. त्यांना माझ्याकडून काहीही देऊ नये. ताई देणारच. दर मोसमात भिंतीवरून ताजे वाटाणे देते आणि वर विचारते, “गोड आहेत ना?” असे मन मला जन्मभर कमावता आले नाही.

५. इथवरचा मजकूर आज सकाळी सर्वांसमोर वाचून दाखवला. ताई म्हणाली, “एवढ्या माणसांत कशाला वाचायचं ते?” आणि झारी घेऊन रोपांकडे गेली. मुलगा मागच्या दाराच्या आत बराच वेळ उभा होता. मग म्हणाला, “आत्या, येऊ का?”

“ये की. पण डाव्या अंगानं ये, इकडे बी टाकलंय.”

तो डाव्या अंगाने गेला.

वरील मजकूर मला मान्य असून त्याखाली मी सही करीत आहे.

(सही) पंपवाले

साक्षीदार, ज्यांनी हे कानांनी ऐकले व डोळ्यांनी पाहिले:
(सही) घरचे डॉक्टर
(सही) रोपवाटिकेच्या मालकीणबाई

स्थळ: राहते घर, मागची बाजू
दिनांक: १६ मार्च २०२५, रविवार